मसाला दुसऱ्याच्या कारखान्यात करून घ्यायचा, तर कारखाना कसा निवडावा?

सांगलीहून एका वाचक ताईंनी लिहिलं आहे: "माझा स्वतःच्या नावाचा मसाल्याचा ब्रँड आहे. महिन्याला कांदा-लसूण मसाला ६०० किलो, गोडा मसाला ३०० किलो, मेतकूट १५० आणि उपवासाची भाजणी १५० किलो जाते. घरामागच्या शेडमध्ये आता हे होत नाही. ऑर्डर असते तेव्हा माल नसतो आणि माल असतो तेव्हा पैसे अडकलेले असतात. बाहेरून करून घ्यायचं ठरवलं आहे. तीन कोटेशनं आली आहेत. पुण्याजवळचा मोठा कारखाना जॉबवर्कचे, म्हणजे कच्चा माल माझा आणि काम त्यांचं, किलोला २४ रुपये सांगतो, पण एका प्रकारात एकावेळी किमान २ टन आणि माल २५ दिवसांनी. कुपवाड एमआयडीसीतला लहान कारखाना ३४ रुपये म्हणतो, किमान ५०० किलो, १० दिवस. तिसरा म्हणतो, कच्चा माल आमचाच, कांदा-लसूण मसाला २०० ग्रॅमच्या पाकिटात भरून २६५ रुपये किलो. माझा नुसता कच्चा माल २८५ रुपयांना पडतो. कोणाला काम द्यावं? जर्मनीतल्या एका मराठी दुकानदाराचीही विचारणा आहे."

ताई, आधी आमचं मत सांगतो आणि मग कारणं. कांदा-लसूण आणि गोडा कुपवाडला द्या, मेतकूट आणि भाजणी तूर्त तुमच्याच शेडमध्ये ठेवा, आणि तिसऱ्या कोटेशनला कागदावर मालाचा तपशील मिळाल्याशिवाय हात लावू नका. तुमची अडचण दळण्याच्या दराची नाही, मालाच्या फिरतीची आहे. म्हणून कारखाना निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा, की त्याची लहानात लहान बॅच तुमच्या विक्रीत किती दिवसांत संपते.

आता २४ आणि ३४ चा हिशेब करू. गोडा मसाला २ टन केलात तर तुमच्या विक्रीने तो पावणेसात महिने पुरेल. २,००० किलोवर १० रुपये वाचले, म्हणजे २०,०००. पण २ टनांच्या बॅचमध्ये सरासरी १,००० किलो माल पडून राहतो, ५०० किलोच्या बॅचमध्ये २५०. जादा पडून राहणारे ७५० किलो, ४०० रुपये किलोने धरले तर ३ लाख रुपये. कॅश क्रेडिटचं, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाचं व्याज १२ टक्के धरलं, तर पावणेसात महिन्यांचे साधारण २०,०००. वाचलेलं सगळं बँकेने नेलं. वर गोड्या मसाल्यात सुकं खोबरं आणि तीळ. त्यांचं तेल सहा महिन्यांत खवट वासाला लागतं, आणि शेवटचं पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात पडतं तेव्हा त्याची मुदत जेमतेम उरलेली असते. घरपोच माल देणाऱ्या ॲपवाल्यांना मुदतीचा ३० टक्के किंवा ४५ दिवसांचा काळ शिल्लक असलेलाच माल पोहोचवायला एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाने, २०२४ मध्ये सांगितलं आहे. असे विक्रेते जुनी पाकिटं सरळ परत पाठवतात.

कांदा-लसूण मसाल्यात गणित थोडं वेगळं आहे, कारण तो दुप्पट खपतो. २ टन माल १०० दिवसांत जाईल. वाचणार २०,०००. पडून राहणाऱ्या मालाचं व्याज, किलोला २८५ धरून, ७,१०० च्या आसपास. शिवाय २५ दिवस तुमचा कच्चा माल त्यांच्याकडे अडकतो, कुपवाडला १० दिवस. तो फरक आणि उशिराच्या भीतीने जवळ ठेवावा लागणारा जादा माल मिळून सरासरी ४०० किलो होतात, त्याचं व्याज ३,८०० रुपये. उरले ९,०००. पुण्याकडे कच्चा माल नेणं आणि तयार माल आणणं यात कुपवाडपेक्षा किलोमागे सव्वादोन रुपये जादा भाडं जाताना आणि तेवढंच येताना धरा. तेही ९,००० होतात. हाती काहीच उरलं नाही. तुमचा कांदा-लसूण महिन्याला टनाच्या वर जायला लागेल, तेव्हा हे गणित पुन्हा मांडा. तेव्हा पुण्याचा कारखाना खरोखर स्वस्त पडू शकतो.

मोठा कारखाना २ टनांचा आग्रह धरतो त्यात त्याचा हटवादीपणा नाही. रिबन ब्लेंडर, म्हणजे मसाला मिसळायचं पात्यांचं मशिन, ४० ते ७० टक्के भरला तरच माल नीट मिसळतो. मसाल्याचं वजन लिटरला ४०० ते ५०० ग्रॅम. म्हणजे ५,००० लिटरच्या ब्लेंडरमध्ये ९०० किलोच्या खाली मिश्रण धड होतच नाही. पाती वरच्यावर फिरतात, मीठ तळाशी बसतं, आणि एकाच बॅचमधलं एक पाकीट खारट, दुसरं अळणी निघतं. म्हणून प्रत्येक कारखान्यात ब्लेंडर किती लिटरचा आहे हे आधी विचारा. कुपवाडवाल्यांचा १,००० लिटरचा असेल तर एका वेळी १८० ते ३१५ किलो मिसळतील. तुमचे ५०० किलो म्हणजे दोन घाणे. मग दोन्ही घाण्यांना वेगळे बॅच नंबर द्यायला सांगा. तोच कारखाना "५० किलोही करून देऊ" म्हणाला, तर कोणत्या ब्लेंडरमध्ये ते लगेच विचारा.

दरापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे घट. जॉबवर्कमध्ये माल तुमचा असतो, त्यामुळे जे काही कमी होतं ते तुमच्या खिशातून जातं. कच्चा माल २८५ रुपये किलो असेल तर साडेतीन टक्के जादा घट म्हणजे १० रुपये. २४ आणि ३४ मधला सगळा फरक तेवढ्यातच संपतो. कोटेशनमध्ये घटीचा उल्लेख नसेल तर ते कोटेशन अपुरं समजा. घट एका आकड्यात मागू नका, टप्प्याटप्प्याने मागा: आणलेलं वजन, निवडून-देठ काढून उरलेलं, भाजल्यानंतरचं, दळल्यानंतरचं, चाळल्यानंतरचं, आणि पाकिटात भरलेलं. चाळणीवर उरलेलं भरड आणि मशिनभोवती सांडलेलं वेगळं तोलून तुम्हाला परत मिळालं पाहिजे. भाजताना ओल जाते, ती घट खरी आहे आणि पावसाळ्यात ती जास्त असते. पण दळणातली घट दर बॅचला वेगवेगळी यायला लागली, तर कुठेतरी माल मुरतो आहे किंवा धुळीवाटे उडतो आहे. पहिल्या तीन बॅचला तुमचा माणूस काट्याजवळ उभा ठेवा. त्यातून जी घट निघेल ती करारात टाका आणि वर अर्ध्या टक्क्याची मुभा द्या. त्यापुढे गेलं की नुकसान त्यांचं.

चवीचं म्हणाल तर बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं पल्व्हरायझरमध्ये, म्हणजे दळायच्या मशिनमध्ये. वेगाने माल सोडला की जाळी तापते, मिरचीचा लाल रंग काळपट होतो आणि धणे-लवंगेतलं सुगंधी तेल वाफेबरोबर जातं. मशिनमधून बाहेर पडणाऱ्या भुकटीत थर्मामीटर घालून पाहा. ५०-५५ अंशांच्या वर जात असेल तर माल सोडायचा वेग कमी करायला सांगा, किंवा आधी भरड आणि थंड झाल्यावर बारीक असं दोन वेळा काढायला सांगा. गरम भुकटी लगेच पिशवीत भरली तर आत पाणी सुटतं आणि दोन महिन्यांत गोळे होतात. ताटात पसरून थंड करायला त्यांच्याकडे जागा आहे का हे पाहून या. तुमच्या पाकिटावर "डंकावर कुटलेला" असं छापलेलं असेल आणि आता पल्व्हरायझर वापरणार असाल तर ते शब्द काढावे लागतील. तो दावा खोटा ठरेल आणि त्याची जबाबदारी तुमच्यावर येईल.

दुसरं ठिकाण म्हणजे लसूण. तुम्ही ओला लसूण आणि तेलात परतलेला कांदा घालत असाल. बहुतेक कारखाने म्हणतील, ओलं काही चालणार नाही, सुकवलेल्या चकत्या वापरू. कांदा-लसणाच्या अशा चकत्या गुजरातेत महुव्याकडून मोठ्या प्रमाणावर येतात. त्यांनी मुदत वाढते, पण चव बदलते. हा निर्णय चाचणीच्या आधी घ्या, नंतर नाही. ओला लसूणच ठेवायचा असेल तर तयार मालाची वॉटर ॲक्टिव्हिटी (जंतू-बुरशीला वापरता येणारं मोकळं पाणी) मोजायला लावा. ती ०.६० च्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही. नुसती "ओलावा किती टक्के" ही चाचणी मीठ आणि तेल असलेल्या मसाल्यात पुरेशी नसते.

मेतकूट आणि भाजणी का ठेवून घ्या म्हणतो तेही सांगतो. १५०-१५० किलोंना कोणी नीट वेळ देणार नाही, हे एक. खरं कारण वेगळं आहे. मेतकुटात गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद असतात. ज्या चक्कीवर हे दळलं तिच्यावर उपवासाची भाजणी गेली तर ती उपवासाची राहिली नाही. कारखान्यात एकाच मशिनवर दिवसभरात पाच जणांचा माल जातो. राजगिरा-वरईवर आदल्या गिऱ्हाइकाचं बेसन आलं तर तुम्हाला कळणारही नाही, आणि गिऱ्हाइकाने तुमच्यावर ठेवलेला विश्वास तिथेच मोडतो. गोड्या मसाल्याचंही तसंच. तो कांदा-लसणाशिवायचा म्हणून विकता ना? मग करारात क्रम लिहा: आधी गोडा, नंतर कांदा-लसूण. उलट कधीच नाही. दोघांच्या मध्ये मशिन उघडून झाडणं, जाळी आणि फिल्टरची पिशवी बदलणं, खडे मीठ किंवा तांदूळ दळून ते टाकून देणं. पिशवी बदलायला लोक विसरतात आणि लसणाचा वास बहुधा तिच्यातच राहिलेला असतो. गोड्यासाठी तुमच्या नावाची वेगळी पिशवी विकत घेऊन ठेवा, खर्च फार नाही.

हिंगाकडेही लक्ष द्या. बाजारातल्या खड्या-पुडीच्या हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. गोड्यात तो हिंग गेला तर लेबलवर गव्हाचा उल्लेख हवा.

आता तिसरं कोटेशन. तुमचा कच्चा माल २८५ ला पडतो. त्यावर दळणाचे ३४ आणि किलोला पाच पाकिटं. म्हणजे तुमच्याच पाककृतीचा माल सव्वातीनशेच्या आत येत नाही. तो २६५ ला द्यायचा तर काहीतरी बदललं आहे. मोठ्या प्रमाणावर खरेदी करून ८-१० टक्के वाचू शकतात, पण ६० रुपये वाचत नाहीत. सहसा बदलतं ते असं: ब्याडगीऐवजी तिखट पण फिकी मिरची आणि वरून रंगासाठी ओलिओरेझिन (मिरचीचा गडद अर्क), देठासकट दळण, खोबरं कमी, मीठ जास्त. यातलं काही बेकायदा असेलच असं नाही. पण तो तुमचा मसाला नाही. त्यांच्याशी बोलायचंच असेल तर आधी लिहून मागा: कोणती मिरची किती टक्के, देठ काढलेली की नाही, मीठ कमाल किती, खोबरं किमान किती, रंगाचं आस्टा मूल्य (मिरचीची लाली मोजायचं माप) किती. त्यावर सही करून २६५ कायम ठेवले तर नमुना घ्या. "सगळं तुमच्या चवीप्रमाणेच" एवढंच उत्तर आलं तर सोडून द्या.

कारखान्याला भेट दोनदा द्या. पहिली सांगून, दुसरी न सांगता, आणि दुसरी दुपारी काम चालू असताना. ऑफिसातला चहा घेण्याआधी कच्च्या मालाच्या गोदामात जा. पोती पॅलेटवर आणि भिंतीपासून हातभर लांब आहेत का, पोत्यांच्या शिवणीवर किडे किंवा जाळी आहे का, तुमची मिरची ठेवायला शीतगृहाची सोय कुठे आहे. मग दळणाच्या खोलीत चुंबक काढून दाखवायला सांगा. पल्व्हरायझरचे हातोडे झिजतात, त्यांचा कीस भुकटीत येतो, तो चुंबकाला लागतो. चुंबक लखलखीत स्वच्छ असेल तर आनंद मानण्याआधी नोंदवही पाहा: कधी साफ केला, किती कीस निघाला. पॅकिंगच्या शेवटी मेटल डिटेक्टर असेल तर तो चाचणीची पट्टी टाकून चालवून दाखवा म्हणा. कामगारांचे वैद्यकीय दाखले, पाण्याचा तपासणी अहवाल, कीडनियंत्रणाची वही या गोष्टी परवान्यासाठी ठेवाव्याच लागतात. त्या पाच मिनिटांत समोर आल्या पाहिजेत.

परवाना पाहताना १४ अंकी नंबर एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर टाकून स्वतः तपासा. परवाना चालू आहे का, आणि त्यात तुमचा प्रकार, म्हणजे मसाले, नोंदलेला आहे का. नुसता "पीठ गिरणी" असा परवाना असलेल्यांकडे मसाला करून घेतला तर अडचण तुम्हालाही येते. तुमचा स्वतःचा परवानाही सोडू नका. त्यात मार्केटिंगचा प्रकार जोडून घ्या, कारण पाकिटावर एफएसएसएआयचं बोधचिन्ह आणि ब्रँडमालकाचा नंबर लागतो आणि बनवणारा वेगळा असेल तर त्याचा पत्ता व नंबरही लागतो.

इथेच पाकिटाची मोठी चूक होते, म्हणून थोडं थांबून लिहितो. छापील लॅमिनेटचा रोल देणारे साधारण २००-३०० किलोंच्या खाली ऑर्डर घेत नाहीत. २०० ग्रॅमचं एक पाकीट सुमारे ६ ग्रॅमचं असतं. २५० किलोंचा रोल म्हणजे ४०,००० च्या वर पाकिटं. तुमचा कांदा-लसूण महिन्याला ३,००० पाकिटं. म्हणजे तेरा-चौदा महिने पुरेल इतका रोल, ज्यावर एका कारखान्याचा पत्ता छापलेला आहे. सहा महिन्यांनी कारखाना बदलला की रोल भंगारात. शिवाय रोलची रुंदी आणि पाकिटाची लांबी त्या कारखान्याच्या फॉर्म-फिल-सील (पाकीट बनवून, भरून, बंद करणाऱ्या) मशिनच्या कॉलरप्रमाणे असते, दुसरीकडे ती बसेलच असं नाही. पहिलं वर्ष तयार पाऊच घ्या, पुढचा भाग सगळ्यांना सारखा छापलेला, आणि मागे बनवणाऱ्याच्या तपशिलाचं लेबल. पुढे रोलवर जाल तेव्हा दोन कारखान्यांचे पत्ते छापून "बॅच नंबरचं पहिलं अक्षर पाहा" ही पद्धत वापरा. मोठ्या कंपन्यांच्या पाकिटांवर ती रोज दिसते. छपाईचे सिलेंडर रंगागणिक वेगळे असतात. त्यांचं बिल तुमच्या नावाने घ्या आणि "सिलेंडर आमच्या मालकीचे" असं छापखान्याकडून लिहून घ्या. कारखान्यामार्फत छपाई केलीत तर पुढे सोडवून घेताना त्रास होतो.

भरताना वजनाकडे बघा. वजनमापाच्या नियमात २०० ग्रॅमच्या एखाद्या पाकिटात ९ ग्रॅमपर्यंत कमी चालतं, पण सरासरी २०० च्या खाली जाता कामा नये. कारखाना भीतीपोटी २०४ भरतो. ३,००० पाकिटांवर ते महिन्याला १२ किलो, म्हणजे ३,४०० रुपये. दर अर्ध्या तासाला दहा पाकिटं तोलून वहीत लिहायला लावा. आणि सील. मसाल्याची धूळ सीलच्या पट्टीवर बसली की सील वरून चांगलं दिसतं आणि आतून गळतं, मग तेल सुटून खोका डागतो. पाण्याखाली व्हॅक्यूम लावून बुडबुडे पाहणारं छोटं यंत्र असतं, ते त्यांच्याकडे असायला हवं.

"दहा दिवस" या शब्दावर विसंबू नका. मागच्या सहा गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी मागा, नावं झाकून चालतील: कबूल केलेली तारीख आणि प्रत्यक्ष गाडी निघाल्याची तारीख. दहा दिवस सांगून कधी ९, कधी १८ दिवस लावणाऱ्यापेक्षा पंधरा सांगून पंधराव्या दिवशी देणारा बरा, कारण जवळ किती माल ठेवायचा हे अनिश्चितता ठरवते. तुमचा कांदा-लसूण दिवसाला २० किलो जातो. १० दिवसांचे २०० आणि पाच दिवस उशिराचे १०० धरले, तर गोदामात ३०० किलो उरले की पुढची ऑर्डर गेलीच पाहिजे. प्रयोगशाळेचे दिवस यात धरले आहेत का तेही विचारा. सूक्ष्मजीवांच्या तपासणीला चार-पाच दिवस लागतात आणि कोटेशन देताना ते बहुधा विसरले जातात.

तपासणी एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतच करा आणि नमुना तुमच्या माणसाने काढावा. मिरची पावडरीत ओलावा ११ टक्क्यांपर्यंत, हळदीत १० टक्क्यांपर्यंत, २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला नाही, अफ्लाटॉक्सिन (बुरशीतून येणारं विष) एकूण किलोला ३० मायक्रोग्रॅम आणि त्यातलं बी-१ हे १५ पर्यंत, ही आपल्याकडची मर्यादा. प्रत्येक बॅचला सगळ्या चाचण्या परवडणार नाहीत. ओलावा आणि चव प्रत्येक बॅचला, अफ्लाटॉक्सिन आणि कृत्रिम रंग मिरचीच्या प्रत्येक नव्या लॉटला. दर बॅचची दोन पाकिटं मुदत संपेपर्यंत त्यांच्याकडे आणि दोन तुमच्याकडे राहू द्या.

जर्मनीचा विषय मात्र घाईने घेऊ नका. युरोपीय संघात मिरचीतल्या अफ्लाटॉक्सिनची मर्यादा बी-१ ला ५ आणि एकूण १० मायक्रोग्रॅम, म्हणजे आपल्या एकतृतीयांश. इथिलीन ऑक्साइड, म्हणजे जंतू मारायला वापरतात तो वायू, मसाल्यात किलोला ०.१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. एप्रिल २०२४ मध्ये सिंगापूर आणि हाँगकाँगने काही भारतीय मसाल्यांवर कारवाई केली ती याच रसायनावरून. जंतू मारायला कारखाना काय वापरतो ते लेखी विचारा, वाफेने निर्जंतुक करणारा हवा. आणि तीळ तिकडे ॲलर्जीच्या यादीत आहे, तो लेबलवर ठळक दाखवावा लागतो. कुपवाडचं काम सहा महिने नीट चाललं की मग हे बघा.

पाककृतीची काळजी तुम्ही लिहिली नाही, पण ती असणारच. घटक लपवता येत नाहीत, लेबलवर येतातच आणि बनवणाऱ्यालाही माहीत असावे लागतात. प्रमाण मात्र झाकता येतं. दगडफूल, नागकेशर, जायपत्री, तमालपत्र असा जो तुमच्या चवीचा गाभा आहे, तो शेडमध्ये स्वतः दळा आणि "मिश्रण क्र. १" अशा मापाच्या पिशव्या द्या, एका घाण्याला एक पिशवी. ब्रँडचं नाव ट्रेडमार्कच्या वर्ग ३० मध्ये तुमच्या नावावर नोंदवलेलं नसेल तर करार करण्याआधी अर्ज करा.

कागदपत्रांत थोडक्यात एवढं. जॉबवर्कला माल डिलिव्हरी चलनावर जातो, तो वर्षाच्या आत परत यायला हवा, आणि तुमच्याएवढ्या उलाढालीला जीएसटीचं आयटीसी-०४ हे विवरणपत्र वर्षातून एकदा भरायचं. कारखाना उद्यम नोंदणीतला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर लेखी करार असल्यास ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं, आणि वर्षअखेरीस मुदतीबाहेर थकलेली रक्कम खर्चात धरता येत नाही. तुमचा माल त्यांच्या गोदामात जळाला किंवा भिजला तर विमा कोणाचा? तुमच्या पॉलिसीत त्यांचा पत्ता घालून घ्या. आणि निघण्याची वाट: ९० दिवसांची सूचना, उरलेला कच्चा माल आणि पाऊच मोजून परत, खराब पाऊच तुमच्यासमोर कापून नष्ट.

सुरुवात अशी करा. आधी ५ किलोंचा नमुना, मग एक पूर्ण घाणा, म्हणजे साधारण २५० किलो, ५० किलो नव्हे. तुमचा जुना आणि त्यांचा नवा मसाला घेऊन एकाच मापाच्या आमट्या करा. तीन वाट्या, दोन सारख्या, एक वेगळी, आणि नेहमीच्या वीस गिऱ्हाइकांना वेगळी वाटी ओळखायला सांगा. नुसत्या अंदाजानेही सहा-सात जण बरोबर सांगतात. दहा-अकरांच्या वर गेले तर चव बदलली आहे, पुन्हा दळण्याकडे आणि भाजण्याकडे बघा. त्यानंतर लागोपाठ तीन बॅच सारख्या आल्या की शेडमधलं कांदा-लसणाचं दळण थांबवा, आधी नाही.

हे सगळं नोव्हेंबर-डिसेंबरात उरका. नवी मिरची फेब्रुवारीपासून बाजारात उतरते आणि मग मेपर्यंत मसाल्याचे सगळे कारखाने जुन्या गिऱ्हाइकांच्या कामात बुडालेले असतात. तेव्हा नव्याची चाचणी रात्रपाळीत, दमलेल्या माणसांच्या हातून होते. करारातच फेब्रुवारी ते मेपर्यंतचे तुमचे महिन्याचे दोन दिवस तारखांसकट लिहून घ्या. कुपवाडवाले एवढ्याला तयार नसतील, तर ३४ वर दोन रुपये जादा द्या, पण तारखा घ्या.